नान्नजचे माळरान : एका गवताळ जीवसमुदायाचे प्रकरण

सोलापूरहून बार्शीकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. द्राक्षबागायतदारांना हे गाव ‘सोनाका’ या बिनबियांच्या वाणामुळे माहीत आहे. सोलापूर, नान्नज आणि काळे या तीन शब्दांची पहिली अक्षरे जोडून ते नाव झाले. पक्षी पाहणारे त्याला माळढोकाचे गाव म्हणतात, निदान काही वर्षांपूर्वीपर्यंत म्हणत असत. तारांच्या मांडवावर चढवलेली द्राक्षे आणि गुडघाभर गवताचा मोकळा माळ येथे एकाच शिवारात, बांधाला बांध लावून दिसतात. प्रस्तुत लेखात या माळाचा विचार एक जीवसमुदाय, म्हणजे एकत्र नांदणाऱ्या जीवांचा मेळ, म्हणून केला आहे. तो येथेच का जमला, संरक्षण मिळाल्यावर कसा बदलला, आणि ‘बिघडलेले जंगल’ अशी त्याची नोंद झाल्यामुळे त्याच्या वाट्याला काय आले, हे पाहावयाचे आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली सोलापूर जिल्ह्यातील पडीक वनजमिनींचे काही तुकडे चराईला बंद करण्यात आले. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी या गावांच्या हद्दीतील तुकडे त्यांपैकीच होत. माती धरून ठेवावी, पाणी मुरावे, वैरण आणि सरपण मिळावे, असा त्यामागे साधा हेतू होता; पक्ष्यांचा विचार त्यात नव्हता. गवत वाढले आणि त्याच सुमारास तेथे माळढोकांचा वावर लक्षात आला. १९७९ साली सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित झाले. एवढ्या क्षेत्रात शेकडो गावे, शेते आणि रस्ते येत होते, प्रत्यक्ष गवताळ वनजमीन मात्र त्याचा लहानसा, विखुरलेला हिस्सा होती. जमिनीच्या व्यवहारांवरील बंधनांमुळे लोकांमध्ये नाराजी वाढत गेली आणि २०१२ साली अभयारण्याचे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. अलीकडे तर गणनेच्या दिवशी एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

पाऊस, मुरूम आणि चाळण्या

कोणत्याही ठिकाणी कोणते जीव एकत्र नांदतात हे ठरविणाऱ्या चाळण्या एकामागोमाग एक लागलेल्या असतात. प्रथम त्या जीवाचे बी किंवा पिल्लू तेथवर पोहोचले पाहिजे. पोहोचल्यावर तेथील पाऊस, माती आणि तापमान त्याला सोसले पाहिजे, आणि तेही जमले तर आधीच ठाण मांडून बसलेल्यांशी त्याचे निभले पाहिजे. यांपैकी दुसरी चाळणी पश्चिम महाराष्ट्रात जितकी ठळक दिसते तितकी फार थोड्या प्रदेशांत दिसत असेल. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पाचगणीला त्याचा सुमारे तिसरा हिस्सा, आणि घाट उतरून वाईला आलो की तो हजार मिलिमीटरच्याही खाली येतो. फलटण, दहिवडी, सोलापूर या पट्ट्यात तो पाचशे ते सहाशेच्या आसपास राहतो, तोही लहरी. एका दिवसाच्या एसटी प्रवासात सदाहरित वन, पानझडी वन आणि काटेरी झुडपांचे माळ अशा तीन जीवसंहती, म्हणजे हवामानानुसार घडलेले मोठे वनस्पती-प्राणी समूह, खिडकीबाहेरून सरकत जातात.

हटकर धनगरांना हा उतार पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ते मेंढ्या घेऊन फलटण-बारामतीकडच्या माळांवरून घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, कारण कोकणातला पाऊस मेंढीला सोसत नाही आणि नेमके त्याच महिन्यांत माळावर हिरवे गवत उगवते. पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकात जीवसंहतींच्या सीमा नकाशावर रेघांनी दाखवतात. येथे त्या कळपांच्या वाटांवरूनही दाखवता येतील.

मात्र पावसावरच सारे बेतलेले नाही. कासचे पठार याला साक्ष आहे. तेथे पाऊस मुबलक असूनही सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी सपाटीवर, झाडे नाहीत, कारण जांभ्याच्या कातळावर मातीच बोटभर. नान्नजला कातळ काळा आहे, दख्खनच्या बेसाल्टचा, आणि त्यावर मुरमाचा थर. खोलगट भागात काळी माती साचते, ती शेतीखाली गेलेली असते; उंचवट्यावर वीत-दीड वीत करडी-तांबूस माती उरते, जी पहिल्या पावसात भिजते आणि पंधरवड्याच्या उघडिपीत कोरडी पडते. अशा जमिनीत पाणी वरच्या थरातच असते आणि थोडे दिवस असते. ते पटकन शोषून घेणारी दाट तंतुमुळे गवतापाशी असतात. झाडाच्या रोपाला मुरूम फोडून खाली जाण्याइतकी सवड क्वचितच मिळते. हिवर, खैर, बोर, बाभूळ अशी जी काही मोजकी झाडे येथे तग धरतात ती सगळी काटेरी, बुडातून पुन्हा फुटणारी आणि सावली विरळ देणारी आहेत.

पर्यावरणशास्त्रज्ञ महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांच्या नोंदी एकत्र करून दाखवून दिले की, वार्षिक पाऊस सुमारे ६५० मिलिमीटरहून कमी असेल तेथे झाडोऱ्याचे प्रमाण किती वाढू शकते याची मर्यादा पाऊसच घालून देतो. त्याहून जास्त पावसाच्या प्रदेशात आग आणि चराई थांबली तर झाडे दाटून येऊ शकतात. आफ्रिकेचा आकडा जसाच्या तसा दख्खनला लावणे योग्य होणार नाही, कारण माती वेगळी आहे आणि पाऊस पडण्याची रीतही वेगळी आहे. तरीही नान्नजचा पाऊस त्या रेषेच्या अलीकडे राहतो ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. महाबळेश्वरच्या उतारावरची जमीन सोडून दिली तर काही दशकांत तेथे जांभूळ, अंजन, पिसा यांचे रान उभे राहू लागते. नान्नजची जमीन सोडून दिली की गवत येते, आणि गवतानंतर पुन्हा गवतच येते.

गवतामागून गवत

बंद केलेल्या तुकड्यांत नेमके काय बदलले हे समजून घेण्यासाठी दबडघाव आणि शंकरनारायण यांच्या कामाकडे वळावे लागते. देशभरातील गवताळ प्रदेशांच्या सर्वेक्षणावर आधारलेले त्यांचे वर्गीकरण १९७३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मानले, आणि द्वीपकल्पाचा बहुतेक भाग पवन्या व मारवेल या गवतांच्या प्रकारात घातला. चराईचा ताण वाढत गेला की गवते कोणत्या क्रमाने बदलतात, हेही त्यांनी नोंदवले. पवन्या आणि मारवेल ही बहुवार्षिक, रसाळ, गुरांना प्रिय असलेली गवते आधी जातात. त्यांच्या जागी कुसळी येते, आणि तिलाही ओरबाडले गेले की वर्षायू (एकाच हंगामापुरती जगणारी), लांब कुसळांची, जनावराच्या जिभेला टोचणारी हलकी गवते उरतात.

कुसळीकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. म्हणीत दुसऱ्याच्या डोळ्यातले जे कुसळ दिसते ते अशाच गवताचे. तिच्या बीला लांब, पिळदार शेपटी असते. हवेतला ओलावा वाढला की पीळ सुटतो, कोरडे पडले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी आपणच मातीत रुतत जाते. तेच बी मेंढीच्या लोकरीत अडकून कोसभर दूर जाते. म्हणजे पोहोचण्याची आणि रुजण्याची अशा दोन्ही चाळण्या कुसळी एकाच अवयवाच्या जोरावर पार करते, आणि म्हणूनच उजाड माळावर ती लवकर हजर होते. पवन्याची चाल याच्या उलट आहे. त्याचा ठोंब सावकाश वाढतो, वर्षानुवर्षे एकाच जागी टिकतो, आणि एकदा उपटला गेला की लवकर परत येत नाही.

चराई थांबल्यावर हा क्रम उलट दिशेने, पण बऱ्याच संथपणे फिरू लागतो: आधी कुसळी दाट होते, तिच्या आधाराने माती थांबते, मग ओलीच्या पट्ट्यांत मारवेल पसरते आणि पवन्याचे ठोंब दिसू लागतात. सत्तरच्या दशकात बंद केलेल्या तुकड्यांत गवत वाढले ते याच मार्गाने. येथवर ही कथा यशाची आहे. परंतु दबडघाव आणि शंकरनारायण यांनी, त्यांच्या काळातील सर्वमान्य समजुतीप्रमाणे, हे सगळे गवताळ प्रकार अखेरीस जंगलाकडेच जाणारे, चराई आणि आगीने मध्येच रोखून धरलेले टप्पे मानले होते. १९६८ सालच्या चॅम्पियन आणि सेठ यांच्या वनप्रकारांच्या वर्गीकरणातही कोरडे गवताळ प्रदेश ऱ्हास पावलेल्या वनाच्या अवस्था म्हणूनच बसवलेले आहेत. अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली मांडलेली कल्पना, म्हणजे प्रत्येक हवामानाचा एक ठरलेला चरम समुदाय असतो आणि बाकी सारे त्याच्या वाटेवरचे मुक्काम, आपल्याकडे कामकाजाच्या भाषेत मुरली होती. तिच्यावर खुद्द अमेरिकेत हेन्री ग्लीसन यांनी १९२६ सालीच आक्षेप घेतला होता, पण वनखात्यांच्या नकाशांत आक्षेपांना रकाना नसतो.

या समजुतीच्या विरुद्ध जाणारा पुरावा जुना आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली, त्यांतील काहींवर कोरीव नक्षीही आहे, आणि त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा आहे. शहामृग दाट जंगलात राहत नाही. कुऱ्हाड आणि नांगर येण्याच्या कितीतरी आधी दख्खनच्या या भागात मोकळा माळ होता. दुसरा पुरावा वनस्पतींचा आहे. आशीष नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली भारतीय सव्हानांपुरत्या (विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशांपुरत्या) मर्यादित असलेल्या २०६ वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली, आणि त्यांतील बऱ्याच गेल्या दोन दशकांतच विज्ञानाला माहीत झाल्या आहेत. इतक्या स्वतंत्र जाती घडायला लाखो वर्षांचा मोकळा, उन्हाचा प्रदेश लागतो. जंगल तोडून चार-पाचशे वर्षांत तयार झालेल्या माळावर त्या सापडण्याचे कारण नाही.

झाडे कोठून आली

पडीक, ओसाड, निकृष्ट ही विशेषणे कागदावर आली की पुढचे पाऊल ठरलेले असते: झाडे लावा. सोलापूरच्या माळांवर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीवरून जाणारे चर, खणले गेले आणि चरांच्या कडेने गिरिपुष्प, सुबाभूळ अशी रोपे लावली गेली. दोन्ही झाडे मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची आहेत. गिरिपुष्पाचे बी आणि साल उंदरांना विषारी असल्याने त्याला उंदीरमारी असेही म्हणतात, आणि जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, ज्यामुळे ते कुंपणाला आणि लागवडीला सोयीचे ठरते.

वर मांडलेला मुद्दा खरा असेल, म्हणजे उथळ मुरमात झाडाचे रोप तगत नसेल, तर गिरिपुष्प कसे तगले, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर लागवडीच्या रीतीतच आहे. चर खणताना मुरूम फोडला गेला, पावसाचे पाणी एका रेषेत अडवले गेले, रोप पिशवीत वाढवून आणले गेले, आणि न चरले जाणारे झाड निवडले गेले. निसर्गाने लावलेली एकेक चाळणी माणसाने हाताने बाजूला केली. हे करताना वर्षानुवर्षे जागा न सोडलेल्या गवताच्या ठोंबांची मुळेही चराबरोबर उखडली गेली, याचा हिशेब कोणत्याच प्रगती अहवालात येत नाही.

पुढचे परिणाम सावलीतून आणि मातीतून झाले. माळावरची मुख्य गवते कडक उन्हात वेगाने वाढण्यासाठी घडलेली आहेत. सावलीत ती विरळ होतात. गिरिपुष्प आणि सुबाभूळ हवेतील नत्र जमिनीत आणतात. शेतात हे वरदान आहे. माळावर मात्र कमी नत्रात निभावून नेणे हेच मूळच्या गवतांचे सामर्थ्य असते, आणि माती सकस झाली की ते सामर्थ्य निरुपयोगी ठरून तण पुढे सरसावते. प्राण्यांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. लांडग्यांना दिवसा दडायला दाट लागवडीचा उपयोग झाला. धाविक, पखुर्डी, चंडोल यांच्यासारखे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी अशा जागा टाळतात. आणि माळढोकाला तर चहूबाजूंनी दूरवर दिसले पाहिजे, तरच तो उतरतो.

माळढोक गेला तो कशाने

येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण गवताळ प्रदेशांच्या बाजूने लिहिणारे पुष्कळदा सगळा दोष लागवडीवर टाकून मोकळे होतात. माळढोकाच्या ऱ्हासाचे ते मुख्य कारण आहे असे मला वाटत नाही. हा पक्षी कुंपणातल्या तुकड्यात कधीच पूर्णपणे राहत नव्हता. त्याचा अर्धा संसार भोवतालच्या शेतांत होता: रब्बी ज्वारी, हरभरा, करडई अशी कोरडवाहू पिके, त्यांतले टोळ आणि किडे, आणि पिकानंतरची मोकळी राने. भीमेवर उजनी धरण झाले, पाणी आले, आणि पाहता पाहता सोलापूर जिल्हा ऊस आणि साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. पुरुषभर उसात किंवा द्राक्षाच्या मांडवाखाली माळढोकाला जागा नाही. त्यात विजेच्या तारांची भर पडली. पंधरा किलोपर्यंत वजन भरणाऱ्या नराला उडताना चटकन वळता येत नाही, शिवाय या कुळातील पक्ष्यांना डोक्याच्या समोरचे फार थोडे दिसते. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यामुळे वर्षाला चार-दोन पक्षी मेले तरी लहान संख्येला ते भरून काढता येत नाही. शेतकऱ्याने पाणी आल्यावर ज्वारी सोडून ऊस लावला यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही, आणि अभयारण्याची रेघ कितीही मोठी आखली तरी पीकपद्धतीचा हा बदल तिने थांबणारा नव्हता.

उलट, निव्वळ बंदी हाही समुदायाला दिलेला एक धक्काच असतो. गवत मुळीच चरू किंवा कापू दिले नाही तर ते उंच आणि दाट होते, खालचे वाळके थर साचतात, आणि आखूड गवतात राहणारे जीव निघून जातात. मध्य प्रदेशातील करेरा येथे १९८१ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तेथे काळविटे झपाट्याने वाढली, ती पिकांत शिरू लागली, गावकऱ्यांचा रोष वाढला, आणि १९९० च्या दशकातच माळढोक तेथून नाहीसा झाला. गवत उंच हवे की आखूड, या प्रश्नाला एक उत्तर नाही. हिवाळ्यात कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी रात्री दाट, उंच गवतात जमिनीवर मुक्काम करतात आणि दिवसा आखूड गवतावरचे टोळ टिपतात. एकाच पक्ष्याला चोवीस तासांत दोन्ही प्रकारचे गवत लागते. पूर्वी हे चट्टे धनगरांच्या फिरत्या कळपांमुळे आणि गवताच्या कापणीमुळे आपोआप पडत असत. कुंपणाने हे हात दूर केले आणि त्यांची जागा घेणारे दुसरे काही ठेवले नाही.

माझ्या मते नान्नजच्या प्रकरणातील मूळ चूक नावात आहे. संपूर्ण समुदाय एका पक्ष्याच्या नावावर लिहिला गेला. पक्षी होता तोवर गवताला किंमत होती; पक्षी दिसेनासा झाल्यावर ‘आता येथे राखायचे काय’ हा प्रश्न विचारला जाणे अटळ होते. लांडगा, खोकड, काळवीट, भोवत्या, चंडोल, पवन्याचे जुने ठोंब, हिवराखालची वारुळे ही सगळी मंडळी त्या सातबाऱ्यावर इतर हक्कातसुद्धा आली नाहीत.

तुकडा वाचायचा तर

लावलेली झाडे काढून टाकली म्हणजे माळ परत येतो, असेही होत नाही. नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० साली जगभरातील अभ्यास एकत्र करून दाखवले आहे की, एकदा मोडलेल्या जुन्या गवताळ समुदायाला पूर्वीइतकी जातिविविधता पुन्हा जमवायला किमान शतकभर लागते, आणि पुष्कळदा हजारो वर्षे. जंगल तोडले तर दिसते, कारण बुंधे पडलेले दिसतात. गवताचे वय त्याच्या उंचीत नसते, मुळात असते. त्यामुळे शंभर वर्षांचे आणि पाच वर्षांचे गवत रस्त्यावरून सारखेच हिरवे वाटते.

म्हणून नान्नजसारख्या ठिकाणी झाडे किती जगली हे मोजण्याऐवजी तुकड्यात उतरून खाली पाहावे. पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरात, गवत तुऱ्यावर असताना समतल चरांना काटकोनात चालत जावे आणि पावलापावलाला कोणते गवत लागते ते लिहून काढावे. चराच्या उकरलेल्या वरंब्यावर कुसळी आणि वर्षायू गवतेच असतील, तर त्या जागी समुदायाची पहिलीच पायरी चालू आहे. दोन चरांच्या मधल्या, कुदळ न लागलेल्या पट्ट्यात पवन्याचे जाड ठोंब असतील, तर बियाणे अजून हाताशी आहे आणि ते वरंब्याकडे किती सरकते हे दरवर्षी त्याच रेषेवर मोजता येईल. आणि मधल्या पट्ट्यातही पवन्या नसेल, तर तो जवळच्या दुसऱ्या माळावरून हाताने आणावा लागेल. त्यासाठी तो दुसरा माळ नांगराखाली किंवा लागवडीखाली गेलेला नसला पाहिजे.